हैदराबादची थंडी आणि पदपथावरचे ग्रंथ

मार्गशीर्ष सरत आला आणि दख्खनच्या पठारावर पहाटेचा वारा बोचू लागला, की हैदराबाद शहराला पुस्तकांचे वेध लागतात. आपल्या किनारपट्टीवर थंडी पाहुण्यासारखी येते. चार दिवस पहाटे पांघरूण मागते आणि निरोप न घेताच निघून जाते. हैदराबादेत मात्र ती दोन महिने ठाण मांडून बसते, आणि एरवी उन्हाने कावलेले ते शहर तेवढ्या अवधीत संध्याकाळी पायी हिंडू लागते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे ग्रंथप्रदर्शन भरते. १ जानेवारीस नामपल्लीच्या मैदानावर ‘नुमाइश’ सुरू होते आणि ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. या दोहोंच्या आगेमागे, कोणी उद्घाटन न करता आणि कोणाचे भाषण न होता, दर रविवारी अबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडला जातो. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते मुख्यत्वे या तिसऱ्या बाजाराविषयी, आणि त्याच्या निमित्ताने मराठी पुस्तक परमुलखात कसे जगते याविषयी.

ग्रंथप्रदर्शनाचे कौतुक वृत्तपत्रांतून पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. १९८५ साली सुरू झालेल्या या उपक्रमाचा ३७ वा मेळावा डिसेंबर २०२४ मध्ये इंदिरा पार्कजवळच्या एन. टी. आर. स्टेडियमवर भरला. तेथे तेलुगू आणि इंग्रजी ग्रंथांचे वर्चस्व असते. हिंदी आणि उर्दूही आपापल्या कोपऱ्यात नांदतात. मराठी वाचकाने तेथे फार मोठी अपेक्षा ठेवून जाऊ नये. परंतु एखादी भाषा आपल्या वाचकाला किती मानते हे पाहावयाचे असेल तर अवश्य जावे. शाळकरी मुले खाऊचे पैसे मोजून पुस्तके विकत घेताना दिसणे हे दृश्य आपल्याकडे अलीकडे दुर्मिळ झाले आहे. ‘हैदराबाद बुक ट्रस्ट’ या १९८० साली स्थापन झालेल्या संस्थेने अ‍ॅलेक्स हेलीच्या ‘रूट्स’सारखे ग्रंथ सुगम तेलुगूत आणि माफक किमतीत दिले. काचिगुड्याच्या ‘नवोदय’सारख्या दुकानांनी तेलुगू ग्रंथविक्रीला एक घर दिले. प्रदर्शनातली गर्दी ही अशा अनेकांच्या वर्षभराच्या कष्टांचे पीक असते, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणांत सहसा सांगितली जात नाही.

नुमाइशचा उगम तर थेट विद्यापीठात आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली ‘बाग-ए-आम’मध्ये देशी मालाचे एक छोटे प्रदर्शन भरविले, त्याचा हा वटवृक्ष झाला. आता तेथे काश्मिरी शाली, लखनौचे भरतकाम आणि आकाशपाळणे यांचेच राज्य अधिक. असो. पोटापाण्याच्या बाजाराला आम्ही नावे ठेवीत नाही.

अबिड्सचा रविवार मात्र निराळा. हा भाग शहरातील मोठ्या दुकानांचा. आणि ती दुकाने रविवारी बंद असतात. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, दारांच्या लोखंडी पडद्यांपुढे आणि पदपथाच्या कडेने सकाळीच ताडपत्र्या अंथरल्या जातात. त्यांवर अभियांत्रिकीच्या जाडजूड पाठ्यपुस्तकांशेजारी रहस्यकथा, त्यांच्याशेजारी उर्दू दिवान, जुनी सचित्र मासिके, तेलुगू कादंबऱ्या, परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांचे शिक्के असलेले ग्रंथ, अशी सर्व जातिधर्मांची पंगत बसते. विक्रेत्याला दर पुस्तकाचा मजकूर ठाऊक नसतो, पण त्याची योग्यता मात्र बरोबर ठाऊक असते. गिऱ्हाइकाने एखादे पुस्तक किती घट्ट धरले आहे, यावरून तो किंमत सांगतो! म्हणून जाणते ग्राहक हवे असलेले पुस्तक सर्वांत शेवटी, सहज म्हणून उचलतात. कोठीच्या परिसरात जुन्या पाठ्यपुस्तकांची जी रांग आहे ती आठवडाभर चालते. गरीब घरच्या कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्या रांगेने पुरे केले आहे.

या ढिगांतून मधूनच देवनागरीतले एक पुठ्ठ्याचे पुस्तक डोके वर काढते. हिंदी समजून आपण पुढे जाऊ लागतो, आणि ‘ळ’ दिसतो. उघडून पाहावे तो आत एखाद्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, किंवा शाळेच्या बक्षीससमारंभाची चिठ्ठी, किंवा कोणा कन्येच्या विवाहानिमित्त दिलेल्या सप्रेम भेटीची दोन ओळींची नोंद. हैदराबादेत मराठी पुस्तक पदपथावर कसे आले, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

निजामाचे राज्य हे नावाला एक असले तरी त्यात भाषा चार होत्या. तेलुगू, मराठी आणि कन्नड ही प्रजेची बोली. उर्दू ही दरबाराची आणि पुढे विद्यापीठाचीही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे पहिले मोठे विद्यापीठ म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती, हेही विसरता येत नाही. अशा राज्यात सभा भरविणे, संस्था काढणे, वाचनालय उघडणे या गोष्टींवर सरकारची करडी नजर असे. मग ही कामे कोठे झाली? ती बहुतांशी झाली सुलतान बाजारात. कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीभोवतालचा हा भाग १९३३ पर्यंत रेसिडेंटाच्या अधिकाराखाली होता. निजामाचे कायदे त्याच्या वेशीपाशी थबकत. परक्या सत्तेच्या छायेत स्वभाषेच्या संस्था वाढाव्यात हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. पण आर्यसमाज तेथेच रुजला, आणि तेलुगू भाषेचे पहिले मोठे वाचनालयही त्याच परिसरात १९०१ साली निघाले.

या वाचनालयाची, म्हणजे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमची, कथा मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच्या संस्थापकांतील एक कोमर्राजु वेंकट लक्ष्मणराव. त्यांचे शिक्षण झाले नागपुरात. मराठी त्यांनी अशी आत्मसात केली की मोरोपंतांच्या काव्यावर ते मराठीत अधिकाराने लिहीत. नागपूरची मराठी ग्रंथसंस्कृती पाहून आलेल्या या गृहस्थाने हैदराबादेत तेलुगूचे वाचनालय उभारण्यास हातभार लावला, १९०६ साली ‘विज्ञान चंद्रिका’ ही ग्रंथमाला सुरू केली आणि पुढे तेलुगू ज्ञानकोशाचे काम अंगावर घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच १९२३ साली त्यांचे निधन झाले. ज्या ज्ञानकोशकार केतकरांनी मराठीत ते स्वप्न तडीस नेले, तेच श्रीधर व्यंकटेश केतकर १९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. योगायोगाला आम्ही फारसा अर्थ चिकटवीत नाही. परंतु दोन भाषांनी एकमेकींच्या पुस्तकांच्या कपाटातून किती उचलले आहे, हे यावरून दिसावे.

आपल्या कोकणचाही या नगरीशी असाच एक धागा आहे. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे भाष्यकार म्हणून जगाला ठाऊक आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार गेल्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत चित्रशाळा थाटून राहिले होते. अमीर-उमरावांची तैलचित्रे काढावीत आणि उरलेला वेळ स्वदेशी, वेदविद्या आणि शिक्षण यांना द्यावा, असा त्यांचा क्रम. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी मराठी मुलांसाठी ‘विवेकवर्धिनी’ ही शाळा काढली, तिच्या उभारणीत सातवळेकरांचाही हात होता. या शाळेने आणि तिच्या आसपास वाढलेल्या मंडळांनी हैदराबादेतला मराठी वाचक घडविला. इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय हे त्याच परंपरेचे अपत्य होय.

हिवाळ्याचीच गोष्ट निघाली आहे म्हणून १९३८ च्या हिवाळ्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले, आणि त्यासाठी त्यांना शिक्षण सोडावे लागले. त्या हद्दपार तरुणांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, आपल्या वर्गांत जागा दिली. तेलंगणातून नागपूरला गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातही शिकले. आणि या सक्तीच्या वनवासाचे फळ असे, की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्याच लेखणीने ‘अबला जीवितमु’ या नावाने तेलुगूत गेली. निजामाच्या एका हुकुमाने मराठीला असा अनुवादक मिळवून दिला!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चित्र पालटले. हैदराबाद राज्य मोडले. मराठवाडा मराठी मुलखात आला, आणि हैदराबादचे मराठी माणूस, घर न सोडताच, परराज्यात गेले. संस्थांचेही विभाजन झाले. निजाम राजवटीत घडलेल्या साहित्य परिषदेचा मुख्य प्रवाह मराठवाड्यात वाहू लागला. मागे राहिलेल्यांनी हैदराबादेत स्वतंत्र मराठी साहित्य परिषद चालविली आणि ‘पंचधारा’ हे नियतकालिक काढले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी अशा पाच धारा त्या नावात एकत्र आल्या आहेत. अल्पसंख्य झालेल्या समाजाने आपले दार बंद करून न घेता पाच भाषांना ओसरीवर बोलावावे, ही आम्हांस फार मोलाची वृत्ती वाटते. किनारपट्टीवरील भाषावादांत हिचा अंश उतरला असता तर पुष्कळ शाई वाचली असती.

आता पदपथावरच्या त्या पुस्तकाकडे वळू. ज्या पिढीने विवेकवर्धिनीत मराठी धडे गिरविले ती मावळली. तिची मुले इंग्रजीतून शिकली, नातवंडे तेलुगू आणि इंग्रजी सफाईने बोलतात, मराठी समजतात, पण वाचण्याचा कंटाळा करतात. आजोबांमागे घर विकले जाते, सदनिका लहान असते, आणि कपाटभर पुस्तकांचे करावयाचे काय हा प्रश्न उभा राहतो. ग्रंथालयांपाशी जागा नसते. मग रद्दीवाला येतो. किलोच्या भावाने गेलेली ती पुस्तके अबिड्सच्या ताडपत्रीवर येतात, आणि तेथे कोणी वाचक भेटला तर वाचतात. एरवी लगदा होतात. पदपथावरचा विक्रेता हा अशा रीतीने एका भाषेचा शेवटचा रखवालदार ठरतो, त्याला ती भाषा येत नसली तरी. हे दृश्य हैदराबादचे आहे असे म्हणून आपण किनाऱ्यावर निश्चिंत राहावे काय? आमच्या गावोगावच्या माडीवरच्या कपाटांच्या किल्ल्या आज कोणाकडे आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

ग्रंथविक्रेत्याची स्थिती तर याहून बिकट. मुंबईचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ आमच्या अनेक वाचकांना स्मरत असेल. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली एका चित्रपटगृहातल्या टेबलापासून सुरू केलेले ते दुकान फोर्टमधील विद्वानांचे तीर्थ झाले; शानभागांना २००३ साली ‘पद्मश्री’ मिळाली; २००९ साली ते गेले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानाने दार लावले. सचोटी, सवलत आणि साक्षेप हे तिन्ही गुण असलेले दुकान जेथे टिकले नाही, तेथे गल्लीतल्या लहान दुकानदाराने काय करावे? प्रकाशकाकडून मिळणाऱ्या सवलतीतून त्याला भाडे, वीज, नोकराचा पगार आणि न विकल्या गेलेल्या मालाचे व्याज भागवावे लागते. संगणकावरून घरपोच विकणारा मोठा व्यापारी तीच सवलत ग्राहकाला देऊन टाकतो. ग्राहक दुकानात येतो, पुस्तक चाळतो, दुकानदाराचे मत विचारतो आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवितो. याला आम्ही शुद्ध मराठीत फसवणूक म्हणतो, मग ती कायद्याने गुन्हा नसो.

पदपथही सुरक्षित नाहीत. दिल्लीच्या दर्यागंजातील रविवारचा पुस्तकबाजार न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ साली रस्त्यावरून उठविला गेला आणि महिला हाटच्या आवारात गेला. वाहतुकीची अडचण खरी होती, हे आम्ही मान्य करतो. पण पुस्तकांना पर्यायी जागा मिळाली ती विक्रेत्यांनी आणि वाचकांनी ओरड केली म्हणून. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ पासून अस्तित्वात आहे. अबिड्सच्या बाबतीत तशी वेळ येण्यापूर्वीच तेथील महापालिकेने रविवारच्या त्या जागेला रीतसर मान्यता द्यावी. सुट्टीच्या दिवशी बंद असलेल्या दुकानांपुढे पुस्तके मांडल्याने कोणाच्या व्यापाराची हानी होते, हे आम्हांस कळत नाही.

परमुलखातल्या मराठी वाचकाचा तिसरा आधार टपालखाते. पुणे-मुंबईहून पुस्तक मागविणे त्याला परवडत आले ते नोंदणीकृत ग्रंथटपालाच्या सवलतीमुळे. ही सेवा डिसेंबर २०२४ मध्ये कसलीही वाच्यता न करता बंद झाली. हलक्या किमतीच्या पुस्तकावर टपालहशील पुस्तकाच्या किमतीएवढे बसू लागले. ओरड झाली, आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे दर आहेत. जुन्या सेवेहून ती महाग असली तरी नसण्याहून बरी. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुलेबाळे हैदराबादेत नोकरीस आहेत, त्यांनी दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर एक पुडके या मार्गानेही धाडून पाहावे.

त्या पुडक्यात काय असावे? पहिला मान आम्ही सेतुमाधवराव पगडी यांच्या ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्रास देऊ. निलंग्याला १९१० साली जन्मलेले पगडी निजामाच्या मुलकी सेवेत शिरले. बदली होईल त्या प्रदेशाची भाषा शिकावयाची, हा त्यांचा छंद. त्यातून गोंडीसारखी उपेक्षित बोलीही सुटली नाही. फारसी कागद वाचणारा इतिहासकार आणि सरकारी दौऱ्यावर निघालेला अधिकारी हे दोघे एकाच घोड्यावर बसलेले पाहावयाचे असतील तर हे पुस्तक वाचावे. जुन्या हैदराबादचे चित्र आत्मीयतेने आणि तरीही भाबडेपणा न करता त्यांनी रंगविले आहे. सूडाने लिहिलेले इतिहास आपल्याकडे पुष्कळ झाले. समजुतीने लिहिलेले मोजकेच.

त्याच्या जोडीला अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ ठेवावे. १९८७ चा हा ग्रंथ लढ्यात स्वतः उतरलेल्या संपादकाचा आहे, त्यामुळे त्यात धग आहे. पण कागदोपत्री पुराव्याची शिस्तही आहे. गोवा मुक्तिसंग्रामाची आठवण असलेल्या वाचकाला, १९४८ ची हैदराबादची पोलिस कारवाई आणि १९६१ ची गोव्याची लष्करी कारवाई यांतील साम्य-भेद मनाशी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडेल.

नरहर कुरुंदकर हे नाव नांदेडशी जोडले गेले असले तरी त्यांचे विद्यार्थिदशेतील महत्त्वाचे दिवस हैदराबादेत, मामा ना. गो. नांदापूरकर यांच्या सान्निध्यात गेले. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवीत. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही जाणकार चाळतात. कुरुंदकरांचे ‘जागर’ थंडीच्या रात्री सलग वाचू नये. एक लेख वाचावा आणि दोन दिवस त्याच्याशी भांडावे. बी. रघुनाथांची ‘आडगावचे चौधरी’ मिळाली तर सोडू नये. हा परभणीचा गुणी लेखक चाळिशी गाठताच गेला, आणि मराठीने त्याला पुरेसे वाचलेच नाही.

आपट्यांची यमू पुन्हा वाचावी हे तर उघडच आहे. तेलुगू येत असलेल्या स्नेह्याला ‘अबला जीवितमु’ द्यावे, आपण मूळ वाचावे आणि संध्याकाळी टिपणे ताडून पाहावीत. कर्मठ घरातील विधवेच्या हालांची कथा दोन्ही बाजूंना सारखीच ओळखीची वाटते की नाही, हे कळेल. नरसिंह रावांनीच विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही विस्तीर्ण कादंबरी ‘सहस्रफण’ या नावाने हिंदीत आणली आहे. तिचा आकार पाहून पाय मागे घेणाऱ्यांसाठी आम्ही एवढेच म्हणू, की पौष महिन्याच्या रात्री मोठ्या असतात.

आणि एक पुस्तक खास आपल्या भूमीचे. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले. साखवाळचा नारळीच्या बागेतला एक मुलगा विद्येसाठी घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असा पायपीट करीत फिरतो. भुकेला राहतो, आजारी पडतो आणि अखेर ज्याच्या शोधात निघाला तो बौद्ध विद्येचा ठेवा हस्तगत करतो. भाषा इतकी साधी की शाळकरी मुलाला अडू नये. परगावी नोकरीस गेलेल्या तरुणाला आपण पाठवावे असे याहून चांगले पुस्तक आम्हांस सुचत नाही.

ज्यांना हे सर्व स्वतः पाहावयाचे आहे त्यांची एक सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. सिकंदराबाद आणि वास्को यांच्या दरम्यान आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी तेव्हापासून सुरू आहे. शनिवारी वास्कोहून निघालेला प्रवासी रविवारी सकाळी सिकंदराबादला उतरतो, आणि तोवर अबिड्सला ताडपत्र्या अंथरण्याचे काम चालू झालेले असते. जाताना पिशवी रिकामी न्यावी, आणि सुटे पैसे मात्र भरपूर ठेवावेत.